आईचं पहिलं नाव

"सर, तुमचं कुलूप चांगलं आहे. पण त्याची किल्ली माझ्या भावाकडे आहे," ती मुलगी म्हणाली.

मी मान वर केली नाही. एप्रिलचा पहिला आठवडा होता, परीक्षा दहा दिवसांवर आली होती आणि बाहेर खिडकीपाशी रांग लागली होती. विद्यापीठाच्या संगणक विभागात मी सिस्टिम मॅनेजर होतो. भेटायला आलेल्या माणसाला आधी मिनिटभर नुसतं उभं ठेवायचं, ही माझी तेव्हाची रीत. त्यातच निम्मे कंटाळून निघून जात. ही गेली नाही.

"अर्ज खिडकीत द्या."

"दिला. मोकाशी मॅडमनी तुमच्याकडे पाठवलं."

मोकाशी मॅडम म्हणजे आमच्या मदत खिडकीवरच्या क्लार्क. आलेल्या प्रत्येकाला मदत केलीच पाहिजे असं त्यांना वाटायचं आणि त्यावरून माझी नि त्यांची महिन्यातून दोनदा तरी वाजायची.

मी अर्ज घेतला. नीलम थोरवत, बी.एस्सी., तिसरं वर्ष. आपलं हॉलतिकीट वेबसाइटवरून काढून टाकावं आणि आपण कुठल्या केंद्रावर परीक्षेला बसणार हे कुणाला दिसू नये, असं तिचं म्हणणं.

"ते कुणालाच दिसत नाही," मी म्हणालो. "नोंदणी क्रमांक आणि आईचं पहिलं नाव टाकल्याशिवाय पान उघडतच नाही."

"नोंदणी क्रमांक पहिल्या वर्षाच्या मार्कलिस्टवर आहे आणि ती मार्कलिस्ट घरी आहे. राहिलं आईचं नाव." ती थांबली. "आमची आई एकच आहे, सर."

"म्हणजे घरच्यांपासून लपवायचंय."

"लग्न ठरवलं होतं. आठ दिवस आधी मी निघाले. कॉलेज बदललं, गाव बदललं. आता वर्ष होईल. भाऊ शोधतोय. बाकी कुठं मी त्याला सापडणार नाही, पण परीक्षेला सहा दिवस, अकरा वाजता, एका ठरलेल्या दारातून मला आत जावंच लागणार आणि दोन वाजता बाहेर यावं लागणार. ते दार कुठलं, हे तुमची वेबसाइट त्याला सांगते."

"पोलिसांत जा."

"गेले. ते म्हणाले, भाऊच आहे ना."

आता लाज वाटते, पण त्या वेळी मला तिचा राग आला होता. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी परीक्षा विभागातल्या एका क्लार्कनं मुलींचे फोन नंबर गावातल्या पोरांना वाटले होते, चहा-वड्यावर. त्या प्रकरणानंतर विद्यापीठाचं माहिती-गोपनीयता धोरण मी लिहिलं. चौदा पानं. कुलगुरूंनी सभेत माझं नाव घेतलं होतं. आणि ही पोर त्या चौदा पानांत एक भोक आहे असं माझ्याच टेबलापाशी उभी राहून सांगत होती.

"एकासाठी नियम वाकवला की उद्या शंभर जण येतात," मी म्हणालो. "विशेष सोय म्हणजे पळवाट. मी देणार नाही."

"धोरण वाचायला कुठं मिळेल?"

"वेबसाइटवर. चौदा पानं आहेत," मी म्हणालो. आजवर ते कुणी वाचलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"वाचते," ती म्हणाली आणि अर्ज माझ्या हातातून काढून घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. या वेळी बरोबर एक बाई होती. पन्नाशीची, उंच, डोक्यावरून पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. घरून देवाला जाते असं सांगून आली होती आणि चारच्या एसटीनं तिला परत जायचं होतं.

"ही माझी आई," नीलम म्हणाली. "कलम नऊ, पोटकलम दोन काढा, सर."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग तिनंच ते म्हणून दाखवलं. आईच्या नावाच्या रकान्यात विवाहपूर्व किंवा विवाहानंतरचे नाव नोंदवण्याची विद्यार्थ्यास मुभा राहील. त्यासाठी आईचे प्रतिज्ञापत्र व जुन्या नावाचा पुरावा पुरेसा समजावा.

खरं सांगायचं तर हे कलम मी लिहिलंच नव्हतं. दुसरीकडच्या एका मसुद्यातून उचललं होतं, न वाचता. चौदा पानं भरायची होती ना.

"दहावीच्या सर्टिफिकेटवर काय नाव आहे?" मी विचारलं.

"विजयमाला. सगळीकडं विजयमालाच आहे. ते सासरचं नाव."

"मग ते बदलून—"

"मुभा राहील, असं लिहिलंय. तुम्हीच."

बाईंनी पिशवीतून एक वही काढली आणि वहीतून एक कागद. घड्यांवर तुटलेला, मागून कुणी तरी खळीनं पातळ फडकं चिकटवलेला. शाळा सोडल्याचा दाखला. कुमारी हौसा ज्ञानू शेवाळे, इयत्ता चौथी, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली.

"हे नाव घरात कुणाला माहीत आहे?" मी विचारलं. धोरणाच्या दृष्टीनं प्रश्न योग्य होता.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "लग्नात तांदळात नवं नाव लिवलं, त्या दिवसापासनं हे कुनी घेतलं न्हाई. नीलमचे वडील होते त्यास्नी ठाव हुतं. ते गेले. सासू-सासरं गेलं. म्हायेरी बी कोन ऱ्हायलं न्हाई. गावात मला समदी धैर्याची आई म्हनत्यात."

"धैर्य म्हणजे?"

"धैर्यशील. माझा भाऊ," नीलम म्हणाली.

मी आणखी एक खुसपट काढून पाहिलं. "हे नाव बदललं तर मार्कलिस्टवरही हेच छापून येईल. पदवीवरही. कायमचं. नंतर परत दुरुस्ती मिळणार नाही."

बाईंनी मुलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत म्हणाल्या, "छापा."

प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली. अक्षर चौथीतलं असावं तसं गोल आणि ताठ होतं. माझंच कलम माझ्या घशात गेल्यामुळे मी घुश्शातच होतो. दुरुस्ती मी स्वतः केली, विजयमाला खोडलं, हौसा टाकलं, आणि दोघींना चहासुद्धा विचारला नाही. जाताना नीलम म्हणाली, "थँक यू म्हणत नाही, सर. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"पहिल्या दिवशी मला आठवलं नाही."

"वाचलं असतं तर आठवलं असतं," ती म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो आला.

मी आत बसलो होतो. बाहेर मोकाशी मॅडमचा आवाज ऐकू आला, "आईचं नाव चुकतंय होय? थांबा हं, बघून सांगते." हे त्या दिवसातून वीस वेळा म्हणायच्या. पोरं अर्ज भरताना आईच्या नावात चुका करतात, मग हॉलतिकीट उघडत नाही, मग मॅडम कॉम्प्युटरवर बघून नाव वाचून दाखवतात. याबद्दल मी त्यांना दोनदा लेखी समज दिली होती. तरी मी सवयीनं ऐकून सोडून दिलं असतं, पण पुढचा आवाज आला, "थोरवत. नीलम थोरवत."

मी जवळजवळ पळतच बाहेर गेलो. "मॅडम, स्क्रीन बंद करा."

मोकाशी मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बटण दाबलं.

खिडकीपलीकडे अठ्ठावीस-एक वर्षांचा माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोठा फोन. मागं झाडाखाली एक जीप आणि जीपला टेकून दोघे जण. त्यानं मला नमस्कार केला.

"भैनीचं हॉलतिकीट काढायचं हुतं, सायेब. तिचा फोन बिघडलाय. पेपर उद्याच्याला."

"तिला येऊ द्या."

"ती आजारी हाय."

"मग तिच्या सहीचं पत्र आणा."

तो हसला. "येवढं कशाला? आईचं नाव टाकलं की निघतंय म्हनं. म्या टाकलं. तुमचा कॉम्प्युटर म्हनतो, चूक. तीनदा टाकलं तर आता बंदच पडलाय."

"तीनदा चुकलं की चोवीस तास बंद पडतं. तसा नियम आहे."

"चुकलं कसं पर? विजयमाला. सातबाऱ्यावर विजयमाला हाय, रेशनकार्डावर हाय, मतदार यादीत हाय. ह्या ताई बघून सांगत हुत्या, तुमी बंद करायला लावलं."

"ती माहिती गोपनीय आहे. कलम सात. पालकांनासुद्धा देता येत नाही."

"माझ्या आईचं नाव माझ्यापासनं गोपनीय?"

त्याचा आवाज चढला नाही. तो खिडकीच्या दगडी पट्टीवर दोन्ही हात ठेवून थोडा पुढे वाकला. मागचे दोघे जीपपासून सुटे झाले. रांगेतली पोरं मागं सरकली.

"ह्ये बगा," तो हळू म्हणाला, "आमच्या घरचा मामला हाय. आमच्या घराचं नाक कापलंय तिनं. तुमी मधी पडू नका. तुमचं घर कुठं हाय ते इचारायला मला येळ लागनार न्हाई."

मी घाबरलो होतो. पण घाबरलेल्या माणसाला तिखट जिभेचा फार आधार वाटतो. आणि माझी जीभ तर विद्यापीठभर प्रसिद्ध होती.

"विचारा की," मी म्हणालो. "पण आधी स्वतःच्या घरात विचारा. जन्मल्यापासून जिच्या हातचं खाताय, तिचं नाव तुम्हाला येत नाही. आणि आलाय दुसऱ्यांची घरं विचारायला."

"माझ्या आईचं नाव मला येत न्हाई?"

"तसंच दिसतंय. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

रांगेत कुणी तरी हसलं. मीही हसलो.

तो हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं हात पट्टीवरून काढले. थोडा वेळ तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, हिशेब जुळल्यासारखा.

"म्हंजे तिला दुसरं नाव हाय," तो म्हणाला. "आन् ते तिनं हितं सांगितलंय."

मी गप्प बसलो. नियमाप्रमाणे.

"बरं," तो म्हणाला. "घरी इचारतो." त्यानं पुन्हा नमस्कार केला, फोन खिशात टाकला आणि जीप निघून गेली.

मला इतकं हलकं वाटलं की मी मोकाशी मॅडमसाठीही चहा सांगितला. त्या चहाला हात न लावता म्हणाल्या, "सर, तो घरी कुणाला विचारणार?"

"कुणाला का विचारेना. आपण काही सांगितलेलं नाही. कलम सात पाळलं."

त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि पुढच्या पोराला म्हणाल्या, "बोल, बाळ." त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाही नाव वाचून दाखवलं नाही. त्याचंही श्रेय मी धोरणाला दिलं.

सहा पेपर पार पडले. मी रोज संध्याकाळी नीलमच्या पानावरच्या नोंदी बघत होतो. नऊ चुकीचे प्रयत्न झाले होते, पहिल्या चार दिवसांत. नावं वेगवेगळी होती: माला, विजया, विमल, मंगल, शांता. एकही जुळलं नाही. पाचव्या दिवसापासून प्रयत्न थांबले. केंद्रावर कुणी आलं नाही, कुठल्याही दारात कुणी उभं राहिलं नाही.

जूनमध्ये विद्यापीठात माहिती-सुरक्षेवर एक दिवसाचं शिबिर झालं, तिथं मी ही गोष्ट सांगितली. नावं अर्थातच वगळून. "आधी स्वतःच्या घरात विचारा" हे वाक्य आलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी दुसऱ्या कॉलेजांचे लोक येऊन ते वाक्य पुन्हा ऐकवायला सांगत होते. मी ऐकवलं. तीनदा तरी.

जुलैच्या शेवटी गुणपत्रिका आल्या. नावात दुरुस्ती झालेल्या गुणपत्रिका आमच्या विभागातून, विद्यार्थ्याची सही आणि ओळखपत्र बघून द्यायची पद्धत होती. नीलम आली. तिच्याबरोबर आईही होती. मी या वेळी उठून उभा राहिलो, खुर्च्या ओढल्या, अभिनंदन केलं. तिला पहिला वर्ग मिळाला होता.

"सर," ती बसली नाही. "तुम्ही माझ्या भावाला काय सांगितलंत?"

"काहीच नाही. तो इथं येऊन धमक्या देऊन गेला, तरी एक अक्षर सांगितलं नाही. विचारा मोकाशी मॅडमना."

"तुम्ही त्याला म्हणालात, आईचं नाव तुला येत नाही."

"हो. म्हणजे, तो वाटेल ते बोलत होता, म्हणून मी—"

"तोवर त्याला वाटत होतं की मी अर्जात काही तरी चुकीचं लिहिलंय. आईचा यात हात आहे, हे त्याला माहीत नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत. तुमची चौदा पानं मी दोनदा वाचली, सर. असं बोलू नये, हे त्यात कुठंच नाही."

मी आईकडे बघितलं. त्यांनी पदर उजव्या हातावरून घेतला होता. बघायचं नव्हतं, तरी मी बघितलं. तीन बोटं वाकडी जुळली होती आणि मिटत नव्हती.

"चार दिवस तो विचारत होता," नीलम म्हणाली. "पहिल्या दिवशी गोडीनं. चौथ्या दिवशी तिचा हात दाराच्या फटीत होता आणि दार तो लावत होता. मधून मधून ती काही तरी सांगायची. विमल सांगितलं. मंगल सांगितलं. तो फोनवर टाकून बघायचा."

ती नावं मी संध्याकाळी चहा पीत वाचली होती.

"मग?"

"मग शेजारणीनं आरडाओरडा केला, लोक आले. आता ती माझ्याकडे असते. तक्रार दिलीय. तारखा पडतायत."

मी बाईंना म्हणालो, "मावशी, सांगून टाकायचं होतं. आम्ही इथून काही तरी केलं असतं. केंद्र बदललं असतं." हे खोटं होतं. मी काहीही केलं नसतं. एकासाठी नियम वाकवला की शंभर जण येतात. "माझं चुकलं," मी म्हणालो. "मी तसं बोलायला नको होतं."

बाई म्हणाल्या, "तुमी खरं त्येच बोललासा, सायेब. त्याला येत नव्हतंच. अठ्ठावीस वर्सांचा घोडा झालाय, कदी मला म्हनला न्हाई, आई, तुझं नाव काय. त्ये चार दिवस इचारत हुता." त्यांनी डाव्या हातानं पदर सारखा केला. "कुटं सही करायची?"

सही विद्यार्थ्यानं करायची असते. नीलम बाजूला उभी राहिली, तिनं पेन आईच्या डाव्या हातात दिलं. मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं, कारण डाव्या हातानं लिहिताना ते सरकत होतं. हौसा लिहायला त्यांना बराच वेळ लागला. अक्षरं आता गोल नव्हती, ताठही नव्हती. पुढं ज्ञानू शेवाळे लिहायला जागा उरली नाही.

गुणपत्रिका त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, आईच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून वाचली आणि वहीत घातली. नीलम माझ्याशी पुन्हा बोलली नाही. पुढंही कधी नाही.

हॉलतिकिटासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा पासवर्ड असावा आणि आईच्या नावावर कुठलंच पान उघडू नये, अशी दुरुस्ती मी त्याच आठवड्यात मांडली. ती मंजूर व्हायला चौदा महिने लागले. ते शिबिरातलं वाक्य मी परत कुठं बोललो नाही. लोक अजून आठवण काढतात. मी विषय बदलतो.

पुढच्या वर्षी तपासणीसाठी आलेल्या पथकानं त्या रजिस्टरवर एक आक्षेप काढला. अनुक्रमांक एकशे त्रेचाळीस: सही विद्यार्थ्याची नाही, ओळखपत्र क्रमांक नोंदवलेला नाही, संबंधितांनी लेखी खुलासा करावा. मी त्याच दिवशी खुलासा लिहून दिला. एकच ओळ होती. ओळख पटलेली होती.